बेल वाजली

कारखान्यात स्वस्तातली घरं तयार व्हायची, नळ-खिडक्यांसकट अख्खीच्या अख्खी, आणि ट्रेलरवर बसून गावोगाव निघून जायची. घरं निघण्याआधी त्यांची बेल तपासणं हे तिचं काम. बटण दाबायचं, आत आवाज झाला की कागदावर ‘बेल वाजली’पुढे खूण करायची. पण खूण करूनही ती केस सारखे करत, पाहुणी आल्यासारखी, क्षणभर दारात थांबायची.

“ताई, आत कुणी नाहीये!” क्रेनवाला वरून ओरडायचा.

“असेल एखादं हळूहळू चालणारं,” ती म्हणायची. तिच्या भाड्याच्या खोलीला बेल नव्हती. तिथे फक्त घरमालक कडी वाजवायचा.

आज कामावरून सुटल्यावर ती थेट नव्या वस्तीत गेली. कालच क्रेनने जोत्यावर अलगद टेकवलेल्या घराची बेल दाबली, सवयीने पिशवीतला कागद काढून खूण केली, केस सारखे केले.

आतून पावलं वाजली. हळूहळू.

“अगं, स्वतःच्या घरी कुणी बेल वाजवून येतं का?” दारात गुडघे धरून उभी असलेली आई म्हणाली.

ती कागद वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. ‘दार उघडलं’ असा रकानाच त्यात नव्हता.