हात मागे

"ताई, तो नियम आता मोडीत काढायचा. आज मतदान आहे," क्लबची नवी अध्यक्ष म्हणाली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं फटकळ. "एक कळ दाबली की काम होतं, तरी आम्ही आपले हात मागे बांधून बसतो. शिकणारे कंटाळून पळतात."

ताईंच्या ते जिव्हारी लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, विद्यापीठाच्या याच खोलीत त्यांनी हा क्लब काढला होता; पहिल्या अध्यक्षही त्याच. कुणीही यावं, फुकट मिळणारं, आतून उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर शिकावं, मग दुसऱ्याला शिकवावं. नियम एकच. शिकवणाऱ्यानं हात मागे. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. हा नियम गेला तर खोली उरेल, क्लब उरणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

म्हणून तर त्यांनी आज मास्तरला बोलावलं होतं. नियम त्याच्यापासूनच सुरू झाला होता.

मास्तर दारातच उभा होता. दाढी पिकली होती, खांद्यावरची झोळी मात्र तशीच. हल्ली तो लहान मुलांना पोहायला शिकवायचा.

"पाण्यात उतरतोस, की काठावरूनच?" ताईंनी चिडवलं.

"काठावरूनच, अध्यक्षबाई," तो हसला.

पहिल्या दिवशीही तो असाच दारात घुटमळत होता. शिकायला आलेल्यांची ही गर्दी, आणि शिकवणारी चार टाळकी. ती दाढी नि झोळी बघून ताईंनी त्याचा दंडच धरला. तो काहीतरी सांगायला लागला. "ते मग सांग, आधी बस!" म्हणत त्यांनी त्याला शिकवणाऱ्याच्या स्टुलावर बसवलं आणि गडबडीत विसरून गेल्या. थोड्या वेळानं बघतात तर स्वारी हात मागे बांधून बसलेली, आणि शेजारची मुलगी धडाधड टाइप करतेय! तेव्हापासून सगळेच तसे बसायला लागले.

काय दिवस होते ते! एकदा खुद्द ताईंनीच क्लबचा सगळ्यात चांगला संगणक पुसून पार कोरा केला होता. रडू आवरेना. मास्तर शेजारी येऊन बसला.

"काय दिसतंय? मोठ्यानं वाच."

त्यांनी वाचलं.

"म्हणजे काय ते मला समजावून सांग."

सांगता सांगता संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू झालं. पुढची सगळी नोकरी ताईंनी त्या एका संध्याकाळच्या जोरावर केली.

"मग करून दाखवा की," चष्मेवाली म्हणाली. एक नवी मुलगी लॅपटॉपपुढे रडकुंडीला आली होती. मास्तर तिच्याजवळच्या स्टुलावर बसला. हात मागे गेले.

"काय दिसतंय? मोठ्यानं वाच."

"परवानगी नाही म्हणतंय."

"कुणाला नाही?"

"मला. म्हणजे... दुसऱ्या कुणाला असेल?"

"असेल का?"

मुलगी पुटपुटत राहिली, शोधत राहिली आणि एकदम ओरडली, "झालं!" खोलीभर टाळ्या पडल्या. मतदान झालं तेव्हा चष्मेवालीनंही मुकाट्यानं नियमाच्या बाजूनं हात वर केला. ताईंचे डोळे भरून आले.

पोरं पांगली. ताई वळून बघतात तर मास्तर स्टूल सोडून शिकणाऱ्याच्या खुर्चीत बसलेला. त्यानं मागचे हात पुढे घेतले आणि चटका बसेल की काय अशा बेतानं कीबोर्डवर टेकवले.

"अध्यक्षबाई, पहिल्या दिवशी दारात मी काहीतरी सांगत होतो. तू ऐकूनच घेतलं नाहीस."

ताई हसत स्टुलावर बसल्या. "मग आता सांग."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही. शिकवशील का?"