कानातला दुभाष्या

परदेशातल्या गोदीत शर्वाणी घोलप सात वर्षं वेल्डिंग करत होती. तिथल्या मुकादमाचं बोलणं कानातलं यंत्र, म्हणजे तिचा दुभाष्या, तिला मराठीत सांगायचा, "ताई, जरा सरकता का?"

गेल्या महिन्यात दुभाष्या बंद पडला. तोवर ती तिथली भाषा शिकली होती. मुकादम खरं तर म्हणत होता, "हट, भिकारड्या देशातली घाण."

तारीख, वेळ, साक्षीदार असं सगळं लिहून तिने कामगार कचेरीच्या खिडकीत तक्रार अर्ज दिला. कारकून अर्ज बघून काहीतरी पुटपुटला. खिडकीवरच्या दुभाष्या यंत्राने लगेच मराठीत सांगितलं, "बसा ताई, बघतो."

काचेपलीकडून तिला ऐकू आलेले कारकुनाचे मूळ शब्द मात्र मुकादमाच्या तोंडचेच होते.

"अजून एक कोरा अर्ज द्या," शर्वाणी त्याच्याच भाषेत म्हणाली. "आणि तुमचं पूर्ण नाव सांगा."