यातली मनकर्णा कोणती?

"यातली मनकर्णा कोणती?"

चिकलठाणा विमानतळावर काउंटरमागच्या मुलीने सहज विचारलं. तिच्यासमोर जन्माचे दोन दाखले होते. आईबाप तेच, तारीख तीच, नावं तेवढी दोन: मनकर्णा आणि द्वारका. दोन्ही पणज्यांची. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला वेगळी सीट नसते. वयाचा पुरावा दाखवायचा आणि मांडीवर घेऊन बसायचं. एका मोठ्या माणसाच्या तिकिटाला एक बाळ जोडायचं, म्हणून कोण कुणाच्या मांडीवर बसणार हे तिला हवं होतं.

बानाबाईने सवयीप्रमाणे नातींच्या पायांकडे पाहिलं. दोघींचे पाय मोकळेच होते.

मनकर्णा जन्मताना नाजूक होती. म्हणून तिच्या पायात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा भोकाचा पैसा बांधलेला असे. जुळ्या दोघी सारख्याच गोऱ्या, सारख्याच नकट्या. बानाबाई त्या पैशावरूनच कोण ते ठरवायची. पण शेजारच्या आवडाबाईने, जिने विमान फक्त आभाळातच पाहिलं होतं, तिला शहाणं केलं होतं की अंगावर तांबं दिसलं की मशीन बोंबलतं आणि माणसाला परत धाडतात. म्हणून खुलताबादजवळच्या आपल्या गावातून निघताना बानाबाईने तो दोरा मोठ्या हुशारीने सोडला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

"ही... नाय, थांबा. ती. व्हय, ती आसंल."

"असेल?" मुलीचं हसू मावळलं. "आजी, तुम्हाला तुमच्या नाती ओळखता येत नाहीत?"

तिने सुरक्षेच्या साहेबांना बोलावलं. साहेब मराठीच होते, बोलायला गोड, पण कामाला पक्के. त्यांनी दोन्ही आधार कार्डं पाहिली, दाखले पाहिले, मग म्हाताऱ्या जोडप्याकडे पाहिलं.

"लहान लेकरांच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही, आजी. यांचे आईबाप कुठं आहेत?"

"दिल्लीला." बानाबाई रडकुंडीला आली. "लेक पुंजाराम तिथं कामाला हाय. सुनंचं उंद्या सकाळी आपरेशन हाय. भूल द्यायच्या आधी लेकी डोळ्यानं बघायच्यात म्हनली. आजचं इमान गेलं तर काय करावं, साहेब?"

साहेबांनी पुंजारामला फोन लावला. लागला नाही. दवाखान्यात आत फोन नेऊ देत नसावेत. मागे रांग वाढत होती आणि लोक दोघांकडे संशयाने बघायला लागले होते.

तेव्हा बानाबाईचा नवरा सोनाजी पुढे झाला. फेटेवाला, खांद्यावर घोंगडी घेतलेला धनगर. त्याने कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा घेतला, बिरोबाचं नाव पुटपुटत आपल्या कपाळाला लावला आणि दोघी नातींच्या टोपऱ्यांखालून मायेने हात फिरवला.

"तिला घाबरून सुचंना झालंय, साहेब. ही मनकर्णा, ही द्वारका."

"कशावरून?"

"जल्म मेंढरामागं गेला माझा. आपली लेकरं वळखंना व्हय मी?"

साहेबांना हे पटलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही. त्यांनी सोनाजीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मनकर्णेला स्वतः उचललं, द्वारकेला काउंटरवरच्या मुलीकडे दिलं, आणि दोघांनी लेकरांची अशी अदलाबदल केली की बघणाऱ्यांचेही डोळे फिरले.

"या बाबा."

सोनाजी आला. दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला, टोपरं जरा मागं सारून गालाची पापी घेतली आणि म्हणाला, "ही मनकर्णा."

बरोबर होतं. साहेबांनी पुन्हा भिंतीकडे उभं केलं. पुन्हा बरोबर.

"काय नजर आहे हो," उस्मानपुऱ्याच्या एक बाई रांगेतून म्हणाल्या. "आमच्या घरी चष्मा सापडत नाही." मघाशी संशयाने बघणारे आता फोन काढून सोनाजीचे फोटो घेत होते. त्याला त्याचं काहीच नव्हतं. तो द्वारकेचं नाक पुसत उभा होता, आणि म्हणूनच तो सगळ्यांना अधिक आवडला.

"बाबा," साहेब म्हणाले, "माझ्या बहिणीला जुळ्या मुली आहेत. कॉलेजात गेल्या, मी अजून चुकतो. मानलं तुम्हाला." मनकर्णा आजीच्या तिकिटावर गेली, द्वारका आजोबांच्या. साहेबांनी बानाबाईची पिशवी स्वतः उचलली आणि दोघांना तपासणीच्या दारापर्यंत सोडलं.

विमान वर चढलं तेव्हा बानाबाईचं खिडकीकडे लक्षच नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचा असा अभिमान तिला कधी वाटला नव्हता, आणि तिने तो बोलूनही दाखवला. 

लेकराला उकडत असेल म्हणून तिने मांडीवरच्या मनकर्णेचं टोपरं काढलं. कानामागे भंडाऱ्याचं पिवळं बोट होतं. तिने वाकून द्वारकेचा कान पाहिला. तिथं काही नव्हतं.

"म्हंजी साहेब फिरवाफिरवी करत व्हते, तवा तुमी हे बघून सांगत व्हता?"

"मेंढरं बाजारात मिसळली की गेरू लावतोच की आपन."

"लई हुशार. पन बोट लावायच्या आधी हीच मनकर्णा, हे कसं वळखलं?"

सोनाजीने द्वारकेला घोंगडीत नीट गुंडाळलं.

"वळखलंय कुनी? जी आधी हसली, तिला मनकर्णा म्हनलं."