हवेतला वेळ

विमानाची तिकिटं काढून देण्यात तिची वीस वर्षं गेली होती. गिऱ्हाइकाला फक्त हवेतला वेळ सांगायचा, घरापासूनचा सांगितला की ते कच खातं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. म्हणून सकाळी धाकट्या भावाने फोनवर, "ताई, बाबांचं काही खरं नाही, तुला किती वेळ लागेल?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "दोन तास दहा मिनिटं." विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत असतानाच पुन्हा फोन वाजला. "बाबांनी घड्याळ उशाशी मागून घेतलं," भाऊ म्हणाला, "बरोब्बर दोन तास दहा मिनिटं दम धरला गं. मग गेले." तिने फोन पर्समध्ये ठेवला. बॅग काट्यावर ठेवली. "खिडकीजवळची सीट दिलीय, मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "दोन तास दहा मिनिटांत पोचाल." "हो," ती म्हणाली, "हवेतला वेळ तेवढाच."