डावं बटण

"डाव्याचा पॉट याही खेपेले खराबच निघाला," असं म्हणत बाबारावांनी डावं बटण आणखी पिळलं. खिडकीची काच थरथरायला लागली.

पंचफुलाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. सिंदी मेघेच्या त्या दोन खोल्यांत महिनाभर हाच उद्योग चालला होता. मोबाइलमध्ये आकड्यांत साठवलेलं गाणं आवाजात बदलून स्पीकरला देणारा डबा बाबारावांनी सुटे भाग मागवून स्वतः जोडला होता. डबा म्हणजे खरोखरच डबा, पंचफुलाबाईंचा पोळ्यांचा. त्याला पुढून भोकं पाडून दोन बटणं बसवलेली, एक डाव्या स्पीकरचं, एक उजव्याचं, आणि प्रत्येकामागे आवाज कमीजास्त करणारा पॉट. डाव्या बाजूचा हा तिसरा. पार्सलवाल्यांना शिव्या घालून झाल्या होत्या.

डबा गेल्याचं पंचफुलाबाईंना काही नव्हतं. राग होता तो नवऱ्यावर. बुद्धपौर्णिमेपासून या माणसानं त्यांच्या बोलण्याला उत्तर देणंच सोडलं होतं. स्वयंपाकघराच्या बाजूला पाट मांडून त्या लेकीचं, नातीचं, शेजारच्या उज्ज्वलाचं सांगत, आणि हा भाकर मोडत समोर बघत राही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनीही तोंड मिटलं. भांडणाची त्यांना सवय होती, पण हे गप्प घर सोसत नव्हतं.

"इकडं ये वं," बाबारावांनी हाक मारली. "या खुर्चीत बस अन् सांग, दोन्हीकडून सारखा येते का आवाज."

त्यांनी दोन्ही बटणांच्या खुणा एका रेषेत आणल्या. पंचफुलाबाई बसल्या.

"सारखा येते."

"नीट ऐक."

"नीटच ऐकून राह्यली. काई फरक नाई."

"तुले कमी ऐकू येते," बाबाराव म्हणाले.

एसटीच्या आर्वी डेपोत जन्मभर नुसत्या आवाजावरून एंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्याच्यापुढे कानाच्या गोष्टी कोण करणार? पंचफुलाबाई उठल्या आणि दाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

बाबाराव स्वतः बसले. मान हलवली. डावा दबलेलाच. मग डेपोतली जुनी रीत आठवली असावी, बिघाड सापडत नसेल तर उलटसुलट करून बघायचं. त्यांनी खुर्ची फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून भिंतीसमोर बसले.

उठले, खुर्ची सरळ केली, बसले. पुन्हा उलटी केली.

"आता उजवा दबला," ते म्हणाले. "डावा ठणठणीत."

स्पीकर जागचे हलले नव्हते. बटणंही नाही. फिरले होते ते एकटे बाबाराव. त्यांनी डाव्या कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. पंचफुलाबाई त्यांचा चेहरा बघत राहिल्या.

"पॉट चांगला हाय," बाबाराव हळूच म्हणाले. "तिन्ही चांगले होते. माह्या कानच गेला, डावा."

पंचफुलाबाईंना वाईट वाटलं. एवढा कानाचा अभिमान असलेला माणूस भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा बसला होता. आणि त्याच वेळी महिनोन्‌महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्यांना हलकं वाटलं. त्याची त्यांना लाजही वाटली. जेवायला बसलं की स्वयंपाकघर बाबारावांच्या डाव्या हाताला, म्हणून पंचफुलाबाईंचा पाटही रोज डावीकडेच.

त्या जवळ गेल्या. "म्हंजे तुमी मुद्दाम नाई करत होते."

बाबाराव भिंतीकडेच बघत राहिले. त्या पुन्हा डावीकडेच उभ्या होत्या.

पंचफुलाबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं, खुर्चीला वळसा घातला आणि उजव्या बाजूला अगदी खेटून मांडलं.

"बुद्धपौर्णिमेपासून बोलून राह्यली मी तुमच्याशी," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या कानानं घेतलंच नाई."

बाबारावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे हात नेऊन आधी उजवं बटण बंद केलं, मग डावं. घर एकदम शांत झालं.

"मंग आता पयलेपासून सांग," ते म्हणाले.