दुभाषी

मासळी बाजाराच्या तोंडाशी लिमये वकील थांबले. उपरणं नाकाला लावून त्यांनी राहीला हाक मारली.

"राहीताई, काल कमाल केलीत! ‘ज्यानं रापण टाकायला लावली, तोच दोराला हात लावीना.’ अमेरिकेवर याहून नेमकं कोण बोलेल? प्रोफेसर मला विचारत होते, लोक एवढे का हसले म्हणून. तुम्हाला हे सुचतं तरी कुठून?"

राहीच्या हातात भाकरीचं फडकं होतं. ते द्यायलाच ती आली होती. पुढ्यात हौसा टोपलीतल्या बांगड्यांवरच्या माश्या हाकत बसली होती. तिचा हात थांबला.

"वाचनात आलं होतं कुठेतरी," राही म्हणाली.

"वाचन दांडगं हो तुमचं!" म्हणत वकील निघून गेले. टोपलीमागची बाई हिची आई, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी विद्यापीठाचे एक प्राध्यापक दर महिन्याला मुंबईहून बोटीने यायचे आणि वाचनालयात युरोपावर बोलायचे. तिथलं राजकारण, व्यापार, चित्रं, नाटकं, सगळ्यावर. बोलणं इंग्रजीत. राही मुलींच्या शाळेत शिकवायची. शेजारी उभं राहून ती ते मराठीत सांगायची. भाषणाचा कागद तिच्याकडे टपालाने आधीच यायचा. संध्याकाळी चुलीपाशी बसून ती आईला ते वाचून दाखवायची, म्हणजे सराव व्हायचा.

"राष्ट्रसंघ हा सामुदायिक सुरक्षिततेचा एक प्रयोग होय," तिने सुरुवात केली होती.

"मंजे कसं?"

"म्हणजे सगळ्या देशांनी मिळून लढाया थांबवायच्या."

"मग थांबल्या?"

"नाही ना. कल्पना काढली अमेरिकेने, आणि अमेरिकाच आत आली नाही."

हौसा खळखळून हसली. "मग तसं सांग ना गो! रापण साऱ्या गावानं ओढायची. ज्यानं टाकायला लावली, तोच दोराला हात लावीना, तर जाळं येईल कसं?"

जर्मनीतल्या नोटांचंही असंच झालं होतं. सकाळी आलेला पगार संध्याकाळी कवडीमोल व्हायचा, हे राहीने तीन वेळा समजावलं. शेवटी हौसाच म्हणाली, "मंजे नोट नव्हती ती, उन्हातली मासळी. दुपारपर्यंत खपव, नाय तर टाकून दे." त्या वाक्यालाही सभागृहात टाळ्या पडल्या होत्या.

"माझ्या डोक्यात शिरलं, तर तुझ्या वकिलाच्या पण शिरेल," असं हौसा म्हणायची. व्याख्यानाला मात्र ती कधी गेली नाही. "मी आले तर वासानं सायब पळेल बोटीवर," म्हणून हसायची. राहीनेही तिला कधी चल म्हटलं नव्हतं.

बाजार उठल्यावर दोघी घरी निघाल्या. चढावर हौसा म्हणाली, "वकिलाला बरं सांगितलंस. वाचलंच असशील तू. मला कुठलं सुचतंय असलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर राहीला बोलता आलं असतं. ती थांबली. मग म्हणाली, "आये, टोपली दे इकडे."

"नको गो. साडीला लागेल तुझ्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे हौसा मासळी घ्यायला बंदरावर गेली. होडीची वाट बघत वाळूत टेकली. होडी लागली तेव्हा बायकांनी तिला हाका मारल्या. ती उठलीच नाही.

पुढच्या महिन्याचा कागद वेळेवर आला. चुलीपाशी न जाता राहीने तो टेबलावर बसून वाचला. अडलेले शब्द कोशात पाहिले. सगळं सुवाच्य उतरवून काढलं.

सभागृह भरलं होतं. त्या दिवशी प्राध्यापक महायुद्धानंतरच्या युरोपावर बोलले. ओळख न पटलेल्या एका शिपायाला तिकडे मोठ्या मानाने पुरलं आहे. राजेसुद्धा तिथे टोपी काढतात. मुलगा परत न आलेली प्रत्येक आई तिथे येते आणि हा आपलाच, असं धरून चालते.

राहीने वाक्यामागून वाक्य मराठीत सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. मागच्या बाकावर कुणी जांभई दिली. दोघेजण उठून गेले.

पहिल्या रांगेतून लिमये वकील पुढे वाकले. आवाज मऊ करून म्हणाले, "ताई, हे झालं कागदावरचं. तुमच्या त्या खास शब्दांत सांगा की! लोक त्यासाठी येतात."

प्राध्यापकही हसून थांबले. राहीने कागदाकडे पाहिलं. त्याच्यावर ‘मंजे कसं?’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

"ते शब्द माझे नव्हते," ती म्हणाली. "माझ्या आईचे होते. हौसा तिचं नाव. मासळी विकायची. वकीलसाहेब, बाजारात तुम्ही मला विचारलंत ना, कुठून सुचतं म्हणून? तेव्हा ती तिथेच बसली होती. ऐकत होती."