चिठ्ठी नसलेलं पान

"या पानाची चिठ्ठी कुठंय?" नवऱ्याने विचारलं. बायकोची वही त्याच्या हातात उघडी होती.

ती वाचनालयातल्या लेखनवर्गाला जायची. तिथे ग्रंथपालबाई दर आठवड्याला सात चिठ्ठ्या देत. प्रत्येकीवर गोष्टीची एक ओळ. रोज एक उघडायची आणि पानभर लिहायचं. हाताला सवय लागते म्हणून. नवरा कचेरीत कारकून. जोडपत्राशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, हा तिथला नियम त्याने घरातही आणला होता. पानाला चिठ्ठी टाचलेली हवी. चिठ्ठी असली तर ती बाईंची कल्पना, नसली तर बायकोच्या मनातलं. मागे एकदा चिठ्ठी सापडली नाही, तेव्हा त्याने तिला दोन दिवस खोलीत कोंडलं होतं.

आणि आजचं पान खरोखरच तिच्या मनातलं होतं.

"पडली असेल कुठेतरी," ती म्हणाली.

"पडली? बरं. बाईंनाच विचारू की." त्याने फोन लावून स्पीकर सुरू केला.

बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"काय लिहिलंय, वाचा बरं," बाई म्हणाल्या.

"तिने शिलाई मशीन टेम्पोत चढवलं आणि मागे वळून पाहिलं नाही." त्याने शब्दन् शब्द तोलून वाचला. नजर कोपऱ्यातल्या तिच्या मशीनवर होती.

आता संपलं सगळं, असं तिला वाटलं.

"हो, ती चिठ्ठी माझीच," बाई म्हणाल्या. "पण गोष्ट अर्धवट आहे हो. टेम्पो कधी यायचा, कुठे थांबायचा, कशाचाच पत्ता नाही. आत्ताच पुरी करून घ्या तिच्याकडून. मी थांबते."

अर्धवट कागद त्यालाही खपत नसे. त्याने पेन तिच्या हातात कोंबलं. "लिही. आणि मोठ्याने वाच."

तिने लिहिलं. मग मोठ्याने वाचलं. "उद्या सकाळी अकरा. मागचं दार."

"आता नीट कळतंय ना, बाई?" नवऱ्याने विचारलं.

"कळलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "अगदी वेळेसकट."